तामूच्या हाताखाली

साफी या बंदराच्या गावात कुंभारांच्या टेकडीच्या पायथ्याशी जो जुना हमामखाना आहे, त्याच्या दारात मी बसते. आत जाणाऱ्या बायकांचे कपडे, चपला, पिशव्या, अंगठ्या आणि कधीकधी रडकी पोरं सांभाळणं हे माझं काम. माझं नाव बतूल. पण मला सांगायचंय ते तामूबद्दल. आम्ही सगळ्या तिला खाल्ती तामू म्हणतो, सख्खी मावशी असल्यासारखं. ती आत गरम खोलीत बायकांची अंगं रगडणार आणि मी बाहेर त्यांची गाठोडी राखणार, अशी आम्हा दोघींची उभी हयात गेली.

दिसायला तामू अगदी लहानखुरी. नवी बाई आत आली की तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारायची, "मालिशवाली कुठाय?"

"मीच ती. हो पालथी," तामू म्हणायची.

बाईला पटायचं नाही. मग तामूचा अंगठा तिच्या खांद्यात उतरला की लगेच पटायचं.

तिची मनगटं मात्र अंगाच्या मानानं जाड होती. बाप कुंभार, आणि घरात मुलगा नाही. आमच्या वयाच्या मुली भरतकाम शिकत होत्या तेव्हा तामू बापाच्या दुकानामागे माती मळत बसायची. मातीत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी भांडं भट्टीत फुटतं. बाप म्हणायचा, "डोळ्यांनी नको बघू, बोटांनी बघ." तिनं ते असं अंगी बाणवलं की पुढे माणसाच्या पाठीतही तिला खडा कुठे आहे ते आंधळ्यानं सांगावं तसं सांगता यायचं. लग्न झालं ते बोटीवरच्या खलाशाशी. तो मासळीच्या मागे अगादीरला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. तामूनं त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत की गळा काढला नाही. सरळ हमामखान्यात येऊन बादल्या वाहायला लागली. खद्दूज नावाची म्हातारी तेव्हा इथे मालिश करायची. तिनं हिचे हात एकदा धरून पाहिले आणि म्हणाली, "बादल्या वाहायला गाढवं पुष्कळ आहेत. तू माझ्याजवळ बस."

आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका मासळीच्या कारखान्यातल्या. बोटी भरून आल्या की कारखान्याचा भोंगा वाजतो, आणि हातातलं काम टाकून या धावतात. मग माल संपेपर्यंत गार टेबलाशी उभं राहून तारल्यांची डोकी उडवायची, पोट साफ करायचं, डब्यात रचायचं. मान खाली ती खालीच. खांदे वर चढत चढत कानांशी येतात. हात लिंबानं कितीही चोळले तरी वास जात नाही, आणि पाठीत तर लाकूडच होतं. अशी बाई आमच्या दारात आली की मी पिशवी घेता घेता सांगायचे, "जा, तामू मोकळीच आहे." ती मोकळी कधीच नसायची.

गरम फरशीवर बाईला निजवायचं, ऑलिव्हच्या काळ्या साबणानं अंग मऊ करायचं, खरखरीत हातमोज्यानं मळ काढायचा. इथपर्यंत कुणीही करतं. तामूचं काम त्यापुढचं. आधी तळवा, मग अंगठा, मग कोपर. पायांच्या जाड स्नायूंवर गुडघासुद्धा. शेवटी बाईला उठवून, पाठीला पाठ लावून, हातात हात अडकवून आपल्या अंगावर उताणी उचलायची. आपल्यापेक्षा दुप्पट बायकांना! हाडं अशी कडाकडा वाजायची की बाहेर मला ऐकू यायचं.

"तू डाव्या रांगेत उभी असतेस ना गं?" ती एखादीला विचारायची.

"तुला कसं कळलं, खाल्ती?"

"तुझा उजवा खांदा बोंबलतोय."

हाताला गुण होता, हे शत्रूसुद्धा कबूल करायचा. मान वळत नाही म्हणून आलेली बाई जाताना मागे वळून वळून निरोप घ्यायची. पण त्या गुणाबरोबर एक समजूतही इथे रुजून बसली होती. जितकं दुखेल तितकं चांगलं. तामूच्या हाताखाली कोण किती वेळ गप्प राहिली याच्या गप्पा कारखान्यात व्हायच्या. दंडावर, पोटरीवर हिरवे-निळे डाग घेऊन बायका मिरवायच्या. या सगळ्यांची म्होरकी मिलूदा. धिप्पाड बाई, आणि कारखान्यातली सगळ्यात लांब जीभ तिची.

"ओरड की गं," तामू तिच्या पाठीत कोपर घालून म्हणायची. "लाज कसली?"

"मी नाही ओरडायची. चार बाळंतपणांत ओरडले नाही."

"तेव्हा मी नव्हते ना तुझ्याजवळ!"

गरम खोली हसून हसून लोळायची. तामूलाही त्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोलू. कुणी तोंडातून आवाज काढला नाही तर तिला वाटायचं, आपला हात कमी पडला. मग आणखी जोर.

लल्ला शामाचं प्रकरण घडलं ते असं चाललेलं असताना.

लल्ला शामा म्हणजे आमच्या गल्लीतल्या शिंप्याची बायको. जन्मभर नवऱ्याच्या शेजारी बसून जलाब्यांना, म्हणजे आमच्याकडच्या टोपीवाल्या लांब झग्यांना, काज-बटणं करत आली. मान आणि कंबर तिचीही गेलेली. तरुणपणापासून ती तामूच्या हाताखालची. मग एका हिवाळ्यात तिला काही दुखणं झालं, हृदयाचं असं ऐकलं, आणि ती यायची थांबली. पुढल्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी सुनेचा हात धरून दारात उभी.

तामू आतून तशीच ओली धावत आली. "जिवंत आहेस तर! मला वाटलं, मला विसरलीस."

"तुला कोण विसरेल? माझी कंबर तुझं नाव घेत उठते नि तुझं नाव घेत निजते."

सून इल्हाम म्हणाली, "अम्मा, जरा जपून. मी पण चोळून देतेच की घरी."

"तू चोळतेस ते मांजरानं चाटल्यासारखं. तू बस बतूलजवळ." मग तामूला म्हणाली, "चांगलं जोरात कर बघ. वर्षाची कसर काढ."

तामूनं वर्षाची कसर काढली. लल्ला शामा लालबुंद होऊन, हसत बाहेर आली, माझ्याजवळ बसून तिनं संत्रं सोलून खाल्लं, मलाही दोन फोडी दिल्या, आणि सुनेच्या हातात हात घालून घरी गेली.

एक दिवस मध्ये गेला असेल. सकाळी मी नुकती दार उघडून बसते तोच इल्हाम आली. डोकं उघडं, डोळे सुजलेले.

"कुठाय ती?"

"कोण गं?"

"तुमची ती तामू! काय केलंय बघा म्हणावं माझ्या सासूचं! मांडीपासून कमरेपर्यंत काळी पडलीय. एका ठिकाणी वांग्याएवढी सूज. रात्रभर कण्हत होती. आत्ता इस्पितळात ठेवून आलेय."

तामू पडदा सारून बाहेर आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तिला," इल्हाम म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, अशा माणसाचं अंग कुणी असं दाबतं का? आत रक्त सुटलंय."

"मला कुणी सांगितलं नाही," तामू म्हणाली.

"तुम्ही विचारलंत?"

इल्हाम आली तशी निघून गेली, आणि तामू माझ्या बाकावर, ओल्या कपड्यांनिशी बसून राहिली. आतून बायका हाका मारत होत्या. ती उठली नाही.

त्याच दुपारी आम्ही दोघी इस्पितळात गेलो. लल्ला शामा खाटेवर एका कुशीवर निजली होती. आम्हाला पाहताच तिनं पांघरूण बाजूला केलं आणि मांडी दाखवली. मी डोळे मिटले.

"बघा," ती म्हणाली, "टेकडीवरच्या कुंभारांच्या निळ्या बशीसारखी झालीय की नाही? परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव देईल."

तामूला हसू आलं नाही. ती खाटेशी खाली बसली आणि लल्ला शामाचा हात तिनं आपल्या कपाळाला लावला.

"चूक माझी," लल्ला शामा म्हणाली. "गोळ्यांचं मी बोलले नाही. बोलले असते तर तू हात लावला नसतास, आणि मला तर तुझा हात हवा होता."

"तू बोलली नाहीस ती तुझी असेल. मी विचारलं नाही ती माझी."

जिवावरचं काही नव्हतं, हे अल्लाचे उपकार. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, लक्ष ठेवलं, सूज हळूहळू जिरली. पण तामू कामावर आली नाही. बायका दारातच मला विचारायच्या, तामू कुठाय? मी म्हणायचे, बरं नाही. शेवटी एक दिवस मी तिच्या घरी जाऊन थडकले. ती खिडकीपाशी बसली होती. समोर चहा गार झालेला, पुदिना काळा पडलेला.

"उठ," मी म्हटलं. "हाज्जा चिडलीय." हाज्जा म्हणजे आमची मालकीण.

"बतूल, मी एक विचार करतेय. इतक्या वर्षांत कितीतरी जणी एकदा आल्या आणि पुन्हा आल्याच नाहीत. मला वाटायचं, बऱ्या झाल्या म्हणून नाही आल्या."

मी तो गार चहा ओतून टाकला आणि नवा केला.

दुसरं कुणी असतं तर एक तर धंदा सोडला असता, नाहीतर चार दिवसांनी सगळं विसरून पुन्हा कोपर परजलं असतं. तामूनं तिसरंच केलं. इस्पितळात लल्ला शामाला हात धरून चालवणारी एक तरुण मुलगी आम्ही पाहिली होती, इब्तिसाम. आखडलेली अंगं व्यायामानं आणि मालिशीनं मोकळी करायचं शिक्षण घेतलेली. तामू मला घेऊन तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"पोरी, मला शिकायचंय."

"मालिश? तुम्हाला? अहो खाल्ती, माझी आई तुमच्याकडे येते. मी तुम्हाला काय शिकवणार?"

"कसं दाबायचं ते येतं मला. कुणाला दाबायचं नाही ते येत नाही."

इब्तिसामनं खोलीचं दार लावलं आणि खाटेवर स्वच्छ चादर घातली. "आडव्या व्हा."

"मी?"

"तुम्ही. अंगावर शिकलेलं विसरत नाही."

तामू लाजली. साठीला टेकलेली बाई, नव्या नवरीसारखी लाजली. तेव्हा मला उमगलं की हजारो पाठी जिनं मोकळ्या केल्या, तिच्या स्वतःच्या पाठीला आजवर कुणी हात लावला नव्हता. म्हाताऱ्या खद्दूजनंसुद्धा नाही.

इब्तिसामनं आधी नुसती विचारपूस केली. गोळ्या कसल्या घेता? रक्त पातळ करायच्या? साखर आहे? कधी पडलात? हाड मोडलं होतं? पायाला सूज येते का, एकाच पायाला? ताप? अंगावर कुठे जखम, कुठे शस्त्रक्रिया? तरुण बाई असेल तर दिवस गेलेत का तेही. तामू एकेकाला उत्तर देत होती आणि मला दिसत होतं, प्रत्येक प्रश्नाला तिला कुणीतरी आठवत होतं.

मग तिनं हात ठेवला. इतका सावकाश की मला वाटलं, ही काही करतच नाहीये. तळवा नुसता टेकलेला. स्नायू जरा सैलावला की बोटं आत, पुन्हा थांबायचं, पुन्हा आत. तामूच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली तिला काहीतरी सापडलं. तिनं तिथे अंगठा रोवला आणि एकदम उचलला.

"का थांबलीस?" तामूनं विचारलं.

"तुम्ही श्वास धरलात."

"मी तर चकार शब्द काढला नाही."

"तोंडानं नाही काढला. पाठ दगड झाली. जास्त जोर लावला असता तर ती आणखी घट्ट झाली असती, मग मी तुमच्या अंगाशी भांडत बसले असते. खोल जायचं तर त्यानं आत येऊ दिलं पाहिजे, खाल्ती. दार फोडून आत गेलेल्याला घरात कोण बसवतं?"

तिनं पुन्हा हात ठेवला. "आता दुखतंय, पण श्वास सोडता येतोय. हो ना? हे चालतं. उद्या-परवा अंग थोडं ठणकेल, तेही चालतं. श्वास अडकला, टोचलं, सणक आली, मुंग्या आल्या, की थांबायचं."

जरा वेळानं तामूला रडू आलं. का ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. इब्तिसामनं विचारलं नाही, तिच्या खांद्यावर चादर तेवढी ओढली आणि हात तसाच ठेवला.

परतताना बंदरापाशी गाडीवर उभं राहून आम्ही गोगलगाईंचा तिखट रस्सा प्यायलो. तामू वाटी दोन्ही हातांत धरून म्हणाली, "ती म्हणते, कितीही चांगली मालिश केली तरी चार दिवस मान सैल राहते. दिवसभर वाकून उभं राहिलं की पुन्हा तेच. मध्ये मध्ये मान वर करा, खांदे फिरवा, हे कोण सांगणार त्यांना?"

"तू सांग."

"ऐकतील?"

"नाही," मी म्हटलं.

आणि नाहीच ऐकलं. तामू परत कामाला लागली, पण आता ती आधी मधल्या कोमट खोलीत बाईला बसवायची, पाय, हात नजरेखालून घालायची, आणि विचारायची. गोळ्या? ताप? पडलीस का? दिवस गेलेत? बायकांना नवल वाटलं, मग हसू आलं, मग राग.

"खाल्ती, स्थळ आणलंयस का माझ्यासाठी?"

"पोलीस चौकीत याहून कमी विचारतात!"

"माझ्या नवऱ्यानं इतकी वर्षं विचारलं नाही गं माझ्या तब्येतीचं, तूच पहिली!"

त्यातून एखादीला ती म्हणायची, तुला आज फक्त साबण आणि हातमोजा, अंग नाही दाबणार. बाईचं तोंड उतरायचं. हाज्जा माझ्याजवळ येऊन कुरकुरायची, "ही काय माझा हमामखाना बंद पाडणार?" बाहेर गप्पा उठल्या की तामूच्या हाताचा जोर गेला, म्हातारी झाली, एका बाईला मारता मारता राहिली म्हणून घाबरली. शेवटचं तर खरंच होतं. मी ते तिला सांगितलं तर म्हणाली, "घाबरलेच आहे. आधी घाबरायला हवं होतं."

मिलूदा आली ती मोसमाच्या ऐन भरात. बोटी लागोपाठ येत होत्या आणि ती दिवसदिवसभर उभी होती. एक पोटरी सुजलेली, हाताला गरम लागणारी.

"ही चांगली पिळून काढ," तिनं पाय पुढे केला. "लाकूड झालंय."

तामूनं दोन्ही पोटऱ्यांवर तळवे ठेवून पाहिले. "या पायाला मी हात लावणार नाही. तू आजच इस्पितळात जा. आत रक्ताची गुठळी असली तर दाबल्यानं ती सुटेल, छातीत जाऊन बसेल."

"गुठळी!" मिलूदानं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हटलं. "ऐकलंत का गं? दोन दिवस इस्पितळात जाऊन आली तर डॉक्टरीण झाली! सरळ सांग ना, हातात दम राहिला नाही."

"नाही राहिला म्हण. पण जा."

मिलूदानं बादली लाथेनं उडवली, कपडे माझ्या हातातून ओढले, आणि किल्ल्याकडच्या नव्या हमामखान्यात गेली. तिच्यामागे पुष्कळ जणी गेल्या.

तुम्हाला वाटेल, पुढे मिलूदाचं काही भयंकर झालं असेल. काही झालं नाही. तिकडच्या बाईनं तिची पोटरी हवी तशी रगडली, सूज उतरली, आणि भाच्याच्या लग्नात मिलूदा पहाटेपर्यंत नाचली. मुद्दाम माणूस पाठवून तिनं निरोप धाडला: "तामूला सांगा, पाय शाबूत आहे."

माझा असा संताप झाला! तामू मात्र शांतपणे हातमोजा पिळत होती. "अल्लाची कृपा," ती म्हणाली.

"आणि तुझं हसं झालं त्याचं?"

"होऊ दे. पुन्हा तसा पाय घेऊन आली तर पुन्हा नाही दाबणार."

"पण काही झालं नाही ना तिला!"

"तिचं नशीब चांगलं होतं. मी तिच्या नशिबाच्या भरवशावर कोपर टाकू का, बतूल?"

मी मनात म्हटलं, ही बाई माझ्या नात्याची नाही, पण असती तर मी गावभर सांगत फिरले असते.

वसंतात लल्ला शामा परत आली. सुनेला घेऊन, डॉक्टरांना विचारून. इब्तिसामनं सांगून ठेवलं होतं, गरम खोली नको, मधल्या खोलीत, आणि हलका हात. तामूनं तिला पाहिलं आणि हात पुसत ती दोन पावलं मागे सरली.

"दुसऱ्या कुणाला तरी सांगते," ती म्हणाली.

"दुसऱ्या कुणासाठी मी एवढी वाट चालून आले?" लल्ला शामा चटईवर आडवी झाली. "ये. गोळ्या अजून चालू आहेत, हे आधीच सांगितलं. आता तुझ्याकडे काय सबब आहे?"

तामू तिच्या पायांशी बसली. कोमट पाणी ओतलं, साबण लावला. मग तिनं तिचे तळपाय हातात घेतले आणि नुसते धरले. घोटे, गुडघे, तळहात, बोटांची पेरं, जिथे सुईनं घट्टे पडले होते तिथे. कुठेही दाब नाही, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवतेय. मानेपाशी आली तेव्हा तळवा टेकवून ती तशीच थांबली. आसपासच्या बायका गप्पा सोडून पाहत होत्या. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला. लल्ला शामा गाढ झोपली होती. इल्हाम तोंडावर हात धरून हसत होती आणि रडतही होती.

उठल्यावर लल्ला शामा सुनेला म्हणाली, "मांजर आपल्या पिलाला का चाटतं ते आज कळलं. तुझी माफी मागते हो."

ती बातमी साफीभर झाली. तामूच्या नावानं ज्या आजवर कानाला खडा लावून होत्या त्या यायला लागल्या. म्हाताऱ्या, हाडं ठिसूळ झालेल्या, दिवस गेलेल्या, आजारातून उठलेल्या. कुणाला काय चालेल ते तामू विचारून ठरवायची, आणि जिथे अडेल तिथे इब्तिसामकडे निरोप जायचा. कारखान्यातल्या तगड्या पोरींना तिचं कोपर अजूनही मिळायचं, पण सावकाश, त्यांच्या श्वासाबरोबर. इब्तिसाम स्वतः सुट्टीच्या दिवशी येऊन बसायची. तिचे अंगठे कामानं दुखायला लागले होते. अंगठ्याऐवजी कोपरावर भार कसा तोलायचा हे तामू तिला दाखवायची, आणि मग दोघींचा वाद व्हायचा की पाठीला पाठ लावून उचलणं बरं की वाईट. इब्तिसामच्या मते ते बंद केलं पाहिजे. तामूच्या मते ज्यांच्या कमरेत काही दुखणं नाही त्यांना ते गमतीसाठी असू द्यावं. वाद अजून मिटलेला नाही.

मोसम संपता संपता एका दुपारी मिलूदा दारात उभी.

"वाट चुकलीस का?" मी म्हटलं.

"तिकडे बोलायला कुणी नाही गं. बाई मुकी, भिंती मुक्या. माणूस काय नुसतं अंग धुवायला येतं?"

तिनं कपडे दिले आणि तोऱ्यात आत गेली. ही करमणूक चुकवायची नाही म्हणून मी टॉवेल घेऊन मागोमाग गेले. तामूनं तिला पाहून "ये" एवढंच म्हटलं आणि प्रश्न सुरू केले. मिलूदानं सगळ्यांची उत्तरं दिली. "गोळ्या नाहीत. ताप नाही. दिवस? या वयात? अल्ला तुझं भलं करो!" बायका हसल्या. "पडलीस कधी?" या प्रश्नावर मात्र ती पटकन म्हणाली, "नाही."

ती पालथी झाली. तामूचा तळवा तिच्या पाठीवरून खाली सरकत गेला. कमरेच्या जरा वर आला, टेकला.

"थांब," मिलूदा म्हणाली. "तिथे दुखतंय."

बादल्यांचे आवाज थांबले. त्या खोलीत तामूच्या हाताखाली असं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मिलूदाकडून तर नाहीच. तामूनं हात उचलला होता.

"कसं दुखतंय?"

मिलूदाचा चेहरा फरशीकडे होता. "कारखान्यात ओल्या लादीवर पडले. मोसमाच्या सुरुवातीला. सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. खोकले तरी सणक येते."

"कुणाला माहीत आहे?"

"आता तुम्हाला सगळ्यांना."

कुणी हसलं नाही. एका पोरीनं येऊन तिच्या खांद्यावर कोमट पाणी ओतलं.

"सकाळी इब्तिसामकडे जायचं," तामू म्हणाली. "मी येते बरोबर."

"आणि आज? आज नुसती अशीच परत पाठवणार? मी भांडून, नाक मुठीत धरून आलेय इथपर्यंत."

"पाठीला हात नाही. आज पाय करून देते."

"कुठला? तो शाबूत आहे तो?"

"दोन्ही," तामू म्हणाली, आणि बाह्या वर सारून तिच्या पायांशी बसली.